ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं

वस्ताद, आज तुमचा चाळिसावा. दुपारी फातिहाला तुमच्या घरी यायचं आहे आणि तिथं चारचौघांत तोंड मिटून बसावं लागणार आहे. म्हणून सकाळीच हे लिहायला बसलो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलत नाही, तुमच्याशी बोलतोय, आणि तुमच्याशी मी आजवर गोड कधी बोललोय?

मला तुमचा राग आला आहे. चाळीस दिवस झाले तरी उतरत नाही. सकाळी दाढी करताना येतो, दवाखान्यात एखाद्याचा पाय धुताना येतो, जेवताना तर हमखास येतो. बायको म्हणते, अहो, माणूस गेला, आता तरी सोडा. तिला काय सांगू? तुम्ही साधं मरण मेला असतात तर सोडलं असतं. तुम्ही माझं ऐकलं नाहीत म्हणून मेलात.

आणि गावात काय बोलतात ते ऐका. डॉक्टरनं बाबालाल वस्तादाचा पाय कापला आणि वस्ताद गेले. एवढंच. त्याआधीचे दीड दिवस कुणाच्या लक्षात नाहीत. तालमीत तुमच्यासाठी माणसं जमली तेव्हा एक जण उठून म्हणाला, "वस्तादनं जीव दिला पर नेम सोडला न्हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागं बसलो होतो. उठून सांगावंसं वाटलं की बाबांनो, नेम बिम काही नाही, हा माणूस एका पट्टीनं मेला. पण तुमच्या तालमीत तुमच्या पठ्ठ्यांसमोर हे बोलायची माझी छाती झाली नाही. त्याचाही राग तुमच्याच खात्यावर.

मागच्या आठवड्यात एक गाडीवान आला. भरल्या गाडीचं चाक हातावरून गेलेलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात असा टणक की बोट रुतेना. त्याची बोटं हळूच सरळ करायला गेलो तर तो पिळवटून ओरडला. म्हणजे वेळ होता अजून, चिरलं असतं तर हात वाचला असता. मी चाकू उकळायला सांगितले. तर त्याची म्हातारी आई मध्ये उभी राहिली. "बाबालाल वस्तादाचं काय झालं ते ठावं हाय आम्हास्नी," म्हणाली. "न्हाय कापू द्यायची." मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. लेकाला घेऊन गेली. त्या गाडीवानाची बोटं आता हळूहळू आत वळतील आणि आयुष्यभर वळलेलीच राहतील. कासरा धरता येणार नाही त्याला. जिवंत होतात तेव्हा निदान वाद घालता यायचा. आता मेल्यावरही तुम्ही माझ्याविरुद्ध साक्ष देता आणि मला उलट विचारताही येत नाही.

तुम्हीच मला या धंद्यात ढकललंत, हे विसरलात का? कोडोलीहून मी आलो तो महाराजांच्या वसतिगृहात राहून शिकायला, पण जीव सगळा तालमीत. पहाटे उठून तुमच्याकडं. एकदा लढतीत माझं बोट निखळलं. तुम्ही माझ्याशी कोडोलीच्या पाऊसपाण्याचं बोलत बोलत ते कधी ओढून बसवलंत, मला कळलंसुद्धा नाही. मग माझा हात उलटापालटा करून म्हणालात, "लेका, तुझी पाठ काय कुस्तीची न्हाय. बोटं मातर झकास हायत. डाक्टर हो." मी आठ दिवस रुसलो होतो. नंतर मुंबईला गेलो आणि खरंच डॉक्टर होऊन आलो, तर तुम्ही सगळ्या पेठेत सांगत सुटलात की हा माझा पठ्ठ्या. आणि वर दुसऱ्याच दिवशी माझ्याशी भांडायला सुरुवात केलीत.

भांडण कसलं, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वडलांपासून चालत आलेली हाडं बसवायची रीत. मोडलेलं हाड हातानं चाचपून जुळवायचं, अंड्याचा आणि पाल्याचा लेप द्यायचा, भोवती बांबूच्या कामट्या लावायच्या आणि वरून कापडाच्या पट्टीनं गच्च आवळायचं. नवव्या दिवशी सोडायचं. आणि त्यातला पक्का नेम हा, की ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्या कुणी त्या पट्टीला हात लावायचा नाही. बांधणारा गावाला गेला तर तो येईपर्यंत थांबायचं.

मी तुमच्यावर कितीही चिडलो तरी एक कबूल करतो. तो नेम शहाणपणाचा होता. पहिल्या रात्री दुखायला लागलं की घरातली आत्या पट्टी सैल करते, चुलता येऊन सोडून बघतो, मेव्हणा पुन्हा आपल्या मतानं बांधतो, आणि हाड वाकडं जुळतं. म्हणून तुमच्या वडलांनी सगळ्यांचे हात बांधून टाकले. आणि हाड बसवण्यात तुमचा हात धरणारा मी मुंबईतही पाहिला नाही. पण वस्ताद, तुम्ही हाडच तेवढं पाहायचात. हाडाभोवतीचं मांस तुमच्या हिशेबातच नव्हतं.

मीही काही आईच्या पोटातून शिकून आलो नव्हतो. तो गवंडी आठवतो? परांचीवरून पडून हात मोडला, तुम्ही बांधलात, तिसऱ्या दिवशी बोटं निळी पडली म्हणून त्याचे लोक त्याला माझ्याकडे घेऊन आले. मी तुमची पट्टी कात्रीनं कापली आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, झालं, आता आराम करा. हात सैल सोडला की झालं, असं मला वाटलं. झालं नव्हतं. आतली सूज तशीच होती. महिन्याभरात त्याचा पंजा पक्ष्याच्या नखीसारखा वळला. तुम्ही दवाखान्यात आलात, त्याचा हात बघितलात आणि मला बाहेर बोलावून म्हणालात, "मी बांधला, तू सोडलास, आन् दोघांच्यात त्येचा हात गेला. आता ह्ये कुणाला सांगायचं न्हाय आन् कधी इसरायचं न्हाय." तुम्ही खरंच कुणाला सांगितलं नाहीत. माझं नाव तेव्हा नवं होतं, एका शब्दानं गेलं असतं. त्या गवंड्याला तुम्ही तालमीत ठेवून घेतलंत, कुस्तीच्या हौद्याच्या मातीत तेल-ताक मिसळायला. त्याला जमायचं नाही तेव्हा स्वतः खोरं घ्यायचात. हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतरच मी विलायतेहून येणाऱ्या वैद्यकीय मासिकात वाचलं की अशा वेळी पट्टी काढून भागत नाही. कातडीच्या खाली मांसावर एक पांढरी चिवट खोळ असते. ती ताणत नाही. मार लागून आत सूज आली की मांस त्या खोळीतच कोंडतं आणि रक्तावाचून मरतं. म्हणून कातडी आणि खोळ दोन्ही लांबच्या लांब चिरायच्या, मांसाला मोकळं करायचं, आणि जखम लगेच शिवायची नाही. सूज उतरेपर्यंत उघडी ठेवायची.

तुम्हाला हे तोंडी सांगून पटणार नव्हतं. गाढवापुढं वाचली गीता. म्हणून एका रविवारी सकाळी तुमच्याच घरी, हलिमाचाचींनी रश्शासाठी आणलेली बोकडाची तंगडी मी पाटावर घेतली. ती पांढरी खोळ दाखवली. पिचकारीनं खोळीच्या आत पाणी भरत गेलो. मांस फुगून दगड झालं. तुम्ही अंगठ्यानं दाबून बघितलंत. मग मी चाकूची एक रेघ ओढली आणि मांस फटीतून बाहेर उसळलं. तुम्ही त्या फटीत बोट घालून बघितलंत. चाची मात्र दारात उभ्या. म्हणाल्या, "झालं का तुमचं? आता ह्येचा रस्सा करू का दवाखान्यात नेऊन निजवणार?" त्या दिवशी आपण ती तंगडी खाल्ली. तुम्ही म्हणालात, पाण्यानं चव गेली.

पटलं होतं तुम्हाला. पटलं नव्हतं म्हणू नका. शाहूपुरीतल्या वखारीत गुळाच्या ढेपांची थप्पी एका हमालाच्या पायावर कोसळली, तेव्हा तुम्ही त्याला बांधलं नाहीत. पोटरी चाचपलीत, त्याला टांग्यात घातलंत आणि स्वतः माझ्या दारात घेऊन आलात. "ह्यो तुझा," म्हणालात. मी क्लोरोफॉर्म देऊन त्याच्या पोटरीच्या दोन्ही बाजू गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चिरल्या. काळपट मांस बाहेर आलं आणि आपल्या डोळ्यांदेखत लाल व्हायला लागलं. सगळ्या शहरात बोभाटा झाला की डॉक्टरनं माणूस उभा चिरला आणि शिवलाच नाही. तुम्ही रोज यायचात. मी ओली पट्टी काढायचो, तुम्ही वाकून बघायचात, बोटं हलवायला लावायचात आणि काही न बोलता जायचात. बाहेर मात्र लोकांना सांगायचात, "डाक्टर मांसाचा वस्ताद हाय." तो हमाल आज पाठीवर पोतं घेऊन चालतो. तुमच्या त्या एका वाक्यामुळं माझ्याकडे माणसं चिरून घ्यायला यायला लागली. माझं नाव तुम्ही केलंत, वस्ताद, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर जास्त चिडतो.

मग स्वतःच्या पायाच्या वेळी काय झालं तुम्हाला?

सकाळच्या मेहनतीला एकाच्या हातातून व्यायामाची जड दगडी नाल निसटली आणि तुमच्या नडगीवर पडली. हाड मोडलं. शिवा तुमचा तिशीतला पट्टशिष्य, तुमची सगळी विद्या त्याच्या हातात. तुम्ही आडवे पडून त्याला सांगत होतात आणि तो बांधत होता. गवंडी तिथंच होता, त्यानं मला सांगितलं. शिवा हळू हातानं बांधत होता आणि तुम्हीच ओरडलात, "आणखी आवळ. वस्ताद हाय म्हनून दया करतोस व्हय?" त्यानं आवळलं. आणि त्याच पावली तुम्ही त्याला कोडोलीच्या जत्रेला धाडलंत, कारण तिथं त्याची कुस्तीची जोड ठरली होती. पैलवानानं ठरलेली जोड मोडायची नाही. तुमचे नेम तरी किती होते हो.

गवंड्यानं धावत येऊन सांगितलं म्हणून मी दुपारच्या आत तुमच्या घरी पोचलो. पट्टीच्या खाली पावलाची बोटं थंडगार. अंगठा हलवा म्हटलं, हलेना. मी तो वर ओढला तर तुम्ही, ज्यांना मी कधी हूं म्हणताना ऐकलं नाही त्या तुम्ही, पंच्याचा बोळा दातांत धरलात. आणखी काय हवं होतं? बोकडाच्या तंगडीवर शिकवलेलं सगळं तुमच्या पायात उभं होतं.

"वस्ताद, पट्टी काढतो. लगेच चिरावं लागंल," मी म्हटलं.

"शिवा आल्याबिगर न्हाय."

"शिवा कोडोलीला हाय. तवर पाय मरंल."

"नाडी बघ की. लागतीया न्हवं? नाडी हाय म्हंजे पाय जित्ता हाय."

नाडी लागत होती, खरं आहे. मी जीव तोडून सांगितलं की नाडी मोठ्या नळीतून वाहते, मांसाच्या बारीक नळ्या आधीच बंद पडलेल्या असतात, नाडीवर विसंबला तो फसला. तुम्ही म्हणालात, "आज माझ्याच पट्टीला दुसऱ्यानं हात लावला तर उद्या गावात माझा नेम कोन पाळंल?" दारात बसलेल्या चार पठ्ठ्यांनी व्हय व्हय केलं. मी एक माणूस घोड्यावर शिवाला आणायला पिटाळला. पुन्हा तुमच्या पायाशी बसलो. कात्री माझ्या खिशात होती. तुम्ही म्हणालात, "पांडबा, हात लावू नगंस. माझी शपथ हाय तुला."

आणि मी उठलो. म्हणालो, "मग बसा तुमच्या पट्टीला कवटाळून. मला परत बोलावू नका." चाची मागून हाक मारत होत्या. मी वळून बघितलं नाही.

दुसरा कुणी असता तर मी विचारलंही नसतं. गवंड्याला विचारलं होतं का? कात्री काढून सरळ कापली होती. तुम्ही वस्ताद होतात म्हणून विचारलं.

शिवा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कुस्ती मारून आला होता, डोक्याला फेटा तसाच. रडत रडत पट्टी सोडली त्यानं. मी दवाखान्यात नेऊन तुमची पोटरी चिरली. मांस बाहेर आलं, पण करडं, शिजवल्यासारखं. चिमट्यानं डिवचलं तर हललं नाही, कापलं तर रक्त आलं नाही. सांज होईतो ताप चढला. मी म्हटलं, पाय गुडघ्यावरून कापून न्यावा लागेल. मला वाटलं आता परत वाद होणार. तुम्ही नुसतं म्हणालात, "ने की." पाय नेला, तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. शिवा त्यानंतर कुणाला बांधत नाही. दारात कुणी मोडका हात घेऊन आला की घरात जाऊन बसतो. म्हणजे तुमची विद्याही गेली. एका हट्टापायी किती घालवलंत, मोजा जरा.

इथवर सकाळी लिहिलं. आता संध्याकाळचे पाच वाजलेत, तुमच्या घरी जाऊन आलो. पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

फातिहा झाली, माणसं पांगली. मी निघणार तेवढ्यात चाचींनी आतून थांबायला सांगितलं. डोक्यावरचा पदर सावरत त्या जोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "पांडबा, तू आमच्यावर रागावलायस. तुझ्या तोंडाकडं बघून कळतंय."

मी म्हटलं, "तुमच्यावर न्हाय, चाची. वस्तादांवर."

"त्येंच्यावर कशापायी?"

"कापू दिलं न्हाय म्हनून."

मग म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलंच न्हाय व्हय?"

वस्ताद, तुम्ही बोलावलं होतंत. मी तणतणत निघून गेल्यावर तासाभरात तुम्ही म्हणालात, "डाक्टरला बोलवा. कापू दे त्येला." दारातले पठ्ठे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, वस्तादास्नी ताप चढलाय, तापात बडबडत्यात, शुद्धीवर आले की आपल्यालाच शिव्या घालतील. तुम्ही पुन्हा म्हणालात. चाची स्वतः उठल्या, तर त्यांनाही परत बसवलं. "चाची, वस्तादांची अब्रू हाय," म्हणाले. तुमचा नेम तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त प्यारा झाला होता. त्या चौघांची नावं मी विचारणार होतो. आत्ताच्या आत्ता तालमीत जाऊन एकेकाला धरणार होतो.

चाची म्हणाल्या, "मग मी परसातनं शेजारच्या जैतूनला धाडली तुझ्याकडं. ती जाऊन आली. तुझ्या कंपाउंडरनं दारातनंच परतवली तिला. म्हनाला, डाक्टरसाबांनी सांगितलंय, तालमीचं कुनी आलं तर आत सोडायचं न्हाय. शिवा येऊन पट्टी सोडंल तवाच या."

चाचींना वाटतं तो कंपाउंडरचा मगरूरपणा. मला म्हणाल्या, असली माणसं ठेवू नगंस. मी मान हलवली आणि पायांत जोडा घालून बाहेर पडलो.

तो निरोप माझा होता. त्या दुपारी दवाखान्यात पाय आपटत आलो आणि कंपाउंडरला शब्दन् शब्द हेच सांगितलं. वर म्हटलं, जिरू दे जरा म्हाताऱ्याची. मग आतल्या खोलीत दार लावून बसलो. जैतून आली तेव्हा मी जागा होतो. बाहेर बाईमाणसाचा आवाज ऐकल्याचं आठवतं. उठलो नाही. कंपाउंडर बिचारा हुकमाचा ताबेदार. नंतर तुमची ती अवस्था बघून भ्याला असेल, बोलला नाही. तेव्हा पाय वाचायला वेळ होता. मी तुमच्या घराच्या ओट्यावर तासभर नुसता फुगून बसलो असतो तरी चाललं असतं.

चाळीस दिवस मी तुम्हाला हट्टी म्हणतोय. गावाला अडाणी म्हणतोय, त्या गाडीवानाच्या आईलासुद्धा मनातल्या मनात शिव्या घातल्या. चौघांच्या मानगुटी धरायला निघालो होतो. आता कुठल्या तोंडानं जाऊ? पण जाणार आहे. उद्या सकाळी मेहनत सुटायच्या वेळी सगळे जमलेले असतील, तेव्हा तालमीत येऊन सांगणार आहे. वस्तादांनी नेम सोडला होता आणि माझ्या हाताखाली पाय द्यायला तयार झाले होते, हे सांगेन. दवाखान्याचं दार मी लावून घेतलं होतं, तेही सांगेन. मग माझ्याकडे कुणी आलं नाही तर नाही. तुमच्या नावानं कुणी हात-पाय वाळवून घेऊ नये, एवढं तरी झालं पाहिजे. शिवालाही सांगेन, की वस्ताद तुझ्या बांधण्यानं गेले नाहीत. तो विचारेल, मग कशानं गेले.

मी तुम्हाला विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. तासाभरानं हो म्हणालात, वस्ताद, आणि ते ऐकायला मी तिथं नव्हतो.